आबांच्या गाडीचा स्लो

यंदा थंडी दिवाळीच्या आधीच आली. सकाळी अंगणात पाय टाकवेना म्हणून मी कपाटातून जुना स्वेटर काढला आणि लेकीबरोबर तिच्या नव्या गाडीतून देवपुराहून बाजाराकडे निघालो. पांझरेच्या पुलाअलीकडे सिग्नल लागला. लेकीने ब्रेक दाबला आणि गाडी बंद पडली. माझा हात माझ्याही नकळत किल्लीकडे गेला. तिथे किल्ली नव्हतीच, नुसतं एक बटण होतं, तेच मी दाबायला निघालो होतो. लेकीने माझं मनगट धरलं.

"पप्पा, बंद नाही पडली ती. सिग्नलला आपली आपणच बंद होते. ब्रेक सोडला की चालू."

"का म्हणून बंद होते?"

"उगाच डिझेल कशाला जाळायचं? चाळीस वर्षं इंजिनं उघडलीत तुम्ही, आणि एवढंही माहीत नाही?"

आता तिला काय सांगणार? माझं अर्धं आयुष्य गाडी उभी असताना बंद पडू नये याच एका कामात गेलं. आज उभी राहिली की बंद पडते म्हणून गाडी शहाणी ठरते. सिग्नल सुटला, इंजिन कुठलाही त्रागा न करता चालू झालं आणि आम्ही पूल ओलांडला. लेक हसत होती. मी पण हसलो. मात्र बटणाकडे गेलेला तो हात माझा वाटेना. जवळपास तीच चूक मी दुसऱ्या एका हाताला करताना पाहिलं होतं, अशाच एका हिवाळ्यात.

ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि गाडी उभी असली, तरी इंजिन स्वतःच्या जिवावर हळूहळू चालत राहतं. त्याला आमच्या धंद्यात 'स्लो' म्हणतात. ड्रायव्हर चहा प्यायला उतरतो, वजनकाट्यापुढे रांग असते, रेल्वेचं फाटक बंद असतं, तेव्हा गाडी स्लोला असते. पळताना कुठलंही इंजिन बरं वाटतं. इंजिनाची खरी तब्येत कळते ती स्लोला. आयटीआयमध्ये शिकवायला लागल्यावर मी दर वर्षी पहिल्या तासाला पोरांना हेच सांगायचो, आणि दर वर्षी पोरं माझ्या तोंडाकडे बघत राहायची.

तो हिवाळा माझ्या दुकानाचा पहिला हिवाळा. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. पारोळा रोडवर पत्र्याचं शेड, आत डिझेल पंप खोलायचं एक लांबलचक टेबल, आणि बाहेर मीच रंगवलेली पाटी. तिच्यावरचा 'पंप' हा शब्द जरा डावीकडे कलला होता. कापसाचा हंगाम भरात आलेला. गाड्याच गाड्या. कापूस इतका दाबून भरलेला असायचा की गाडी गेली तरी रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकत राहायचे. दुपारपर्यंत तो कापूस उडत उडत माझ्या टेबलावर येऊन बसायचा, आणि डिझेलच्या पंपाला कचऱ्याचा एक धागासुद्धा चालत नाही, म्हणून मी दिवसातून दहा वेळा टेबल पुसायचो. संध्याकाळी शेताशेतांतून कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजल्याचा वास यायचा. खानदेशातला हिवाळा डोळे मिटून ओळखायचा तर तो या वासावरून. भाजलेली वांगी, हिरवी मिरची, लसूण, आणि वरून हात न आखडता ओतलेलं शेंगदाण्याचं तेल.

आणि आवाज. तेव्हा मला माझ्या कानांचा फार माज होता. रस्त्यावरून गाडी गेली की मी मान वर न करता सांगायचो, हिचं तिसरं नोझल गळतंय, हिचा पंप दोन दात पुढे बसवलाय. लोक तपासून बघायचे आणि खरं निघायचं. माझं दुकान चाललं ते या कानांवर. पण या कानवाल्याला स्वतःच्या घरातली गोष्ट दोन वर्षं ऐकू आली नव्हती.

माझे वडील, म्हणजे आबा, ट्रक चालवायचे. सगळ्या पंचक्रोशीला ते आबाच. त्यांची गाडी मिलिटरीच्या लिलावातली, लांब नाकाची, मूळची पेट्रोलवर चालणारी. पेट्रोल परवडेना तेव्हा पुष्कळांनी अशा गाड्या भंगारात घातल्या. आबांनी मालेगावच्या एका मिस्तरीला हाताशी धरून तिचं पेट्रोल इंजिन उतरवलं आणि तिथे डिझेलचं बसवलं. ते धरून ठेवायला चेसिसला नवे कान जोडले, रेडिएटर चार बोटं पुढे सरकवला, बॉनेटला एका बाजूने खिडकी पाडली. ती खिडकी आबांनी छिन्नीने कापली होती आणि तिची कड शेवटपर्यंत हाताला लागायची. बाहेरून पाहणाऱ्याला गाडी जुनी आणि इंजिन नवं असं वाटायचं. आबांना ती एकच गाडी वाटायची. "जीव बदलना, आंग तेच शे," असं ते म्हणायचे.

या गाडीत आबांच्या शेजारी माय बसायची. सुरुवातीला माणसं बघत राहायची, मग हसायला लागली. ट्रकच्या केबिनमध्ये नऊवारीतली बाई, डोक्यावर पदर, मांडीवर भाकरीचं गाठोडं, असं दृश्य आमच्या भागात कुणी पाहिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आबांनी क्लीनरला काढून टाकलं आणि तेव्हापासून माय जायला लागली. विचारलं तर म्हणायची, "पोरं मोठी व्हयनी, आते देव तरी देखू दे." एदलाबादची खेप असली की ती हटकून निघायची. मुक्ताईनगर हे नाव तेव्हा आमच्या तोंडात बसलं नव्हतं. मुक्ताईचं दर्शन घ्यायचं, खडीसाखर आणायची आणि घरोघर वाटायची. सरकी काढायच्या कारखान्याच्या, म्हणजे जिनिंगच्या, फाटकात लोक आबांना चिडवायचे, म्हातारपणी बायकोला फिरवतोय म्हणून. आबा नुसते हसायचे. आबा तसे कुठल्याही बोलण्यावर नुसते हसायचे, किंवा स्वतःच बोलत सुटायचे, समोरच्याला मध्ये शब्द घालायला फट नसायची. मी म्हणायचो, वय झालं, बडबड वाढली.

आबांच्या गाडीचा स्लो मात्र वाईट होता. पाय काढला की इंजिन एकदम खाली बसायचं, आता बंद पडतं की काय असं वाटायचं, आणि मग कुणी चिमटा काढल्यासारखं घुर्र करून वर जायचं. परत खाली, परत वर. अख्खी गाडी उभ्या उभ्या झोके खायची. टपावर ठेवलेली बादली सरकत सरकत खाली पडायची. दोष कुठे आहे ते मला शंभर पावलांवरून कळत होतं. त्या पंपाच्या मागच्या बाजूला एक गोल डबी असते. डबीत चामड्याची पुरीएवढी चकती, तिच्या पाठीशी एक स्प्रिंग. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीने चामडं मागेपुढे हलतं, आणि चामडं हलेल तसं डिझेल कमीजास्त होतं. पाय काढल्यावर इंजिन जिवंत ठेवायचं काम ते चामडं आणि ती स्प्रिंग, दोघांनी मिळून करायचं. चामडं कडक झालं की संपलं. अर्ध्या दिवसाचं काम. पण आबा हात लावू देत नव्हते.

"तू दुनियाना पंप खोल. मन्हा नको."

मला ते फार लागायचं. मी शिकून आलो, लोक चाळीसगावाहून माझ्याकडे पंप घेऊन येतात, आणि सख्खा बाप भरवसा ठेवत नाही. मालेगावच्या त्या मिस्तरीवर ठेवला आणि माझ्यावर नाही. या एका गोष्टीवरून मी त्यांच्याशी महिना महिना धड बोललो नाही. अर्थात त्यांना ते कळलं असेल का, ही शंका मला पुढे आली.

मग एके दिवशी जिनिंगच्या फाटकात, पन्नास गाड्यांची रांग लागलेली असताना, आबांची गाडी झोके खाता खाता बंद पडली. पंधरा माणसांनी ढकलून ती बाजूला घेतली. जिनिंगचे शेठजी बाहेर खाटेवर बसले होते. माणूस मनाने वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं. सगळ्यांसमोर ते ओरडले, "आबा, पोरगा म्हणे पंपाचा डॉक्टर! घरचा पेशंट असा नाचतो, तर बाहेरच्यांचं काय करत असेल?" रांगेतले सगळे ड्रायव्हर हसले. ते सगळे माझंच गिऱ्हाईक.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी गाडी आणून माझ्या शेडपुढे लावली. खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "कर तुले जे करनं शे ते." एवढंच. मला वाटलं, जिंकलो. त्या दिवशी ते काय देऊन टाकायला आले होते याची मला कल्पना नव्हती. माझ्या नावासाठी ते आले होते. 

मी डबी उघडली आणि हसू आलं. डबीतून चक्क भरताचा वास आला. त्या चामड्याला मऊ राहण्यासाठी विशिष्ट तेल लागतं, आणि आबा त्याला घरातलं शेंगदाण्याचं तेल लावत होते. आमच्याकडे कशालाही शेंगदाण्याचं तेल, डोक्याला, दाराच्या बिजागरीला, वांग्याला, मग पंपाला का नाही? पण ते तेल उष्णतेने चिकट झालं होतं, वर वर सुकलं होतं, आणि चामडं पापडासारखं कडक झालं होतं. मला बंदी करून हे स्वतः डबी उघडून बसायचे तर! बदली चामडं आणायला आता इंदूरला माणूस पाठवावा लागणार म्हणून मी वैतागलो, आणि पाना शोधायला सीटखालची पेटी उघडली. पेटीच्या तळाशी मेणकागदात गुंडाळलेलं नवंकोरं चामडं होतं. सोबत स्प्रिंग. पुडक्यावर धुळीचा थर बोटभर. आबांनी कधीतरी आणून ठेवलं आणि विसरले, असं मी धरून चाललो. शहाण्या माणसाला एवढ्यावर प्रश्न पडायला हवा होता.

दोन दिवस मी त्या गाडीवर जीव ओतला. नवं चामडं योग्य तेलात भिजवून बसवलं, नवी स्प्रिंग टाकली. हवेच्या नळीतली झडप ज्या दांडीवर फिरते तिचे घासलेले बुश बदलले. नोझल तपासली. हात लावलाच आहे तर पुरता लावावा म्हणून इंजिनाखालची रबरंही नवी घातली. मग स्लोचा स्क्रू पाव पाव फेरा फिरवत, कान लावून, थांबून, परत फिरवत मी तो आवाज शोधत बसलो. आणि सापडला. मोठं डिझेल इंजिन, पण असं बसलं की वाटीभर पाणी बॉनेटवर ठेवलं तर पाणी नुसतं कडेला थरथरत होतं. इतका चांगला स्लो मी त्याआधी कधी लावला नव्हता. नंतर पुष्कळ लावले, पण तो पहिला.

मी आबांना बोलावलं. माय नारळ घेऊन आली. शेजारचे टायरवाले, दोनचार ड्रायव्हर जमले, आणि योगायोगाने शेठजीसुद्धा त्यांच्या जीपमधून उतरले. मला तर तेच हवे होते. गाडी मी आधीच चालू करून ठेवली होती, स्लोला. पाण्याची वाटी बॉनेटवर.  म्हटलं, कानानेच ऐकू दे सगळ्यांना.

आबा वर चढले. सीटवर बसले, पदर सावरत असलेल्या मायकडे बघितलं, माझ्याकडे बघून हसले आणि स्टार्टरचं बटण दाबलं.

चालू इंजिनावर स्टार्टर दाबला की दातावर दात घासून जो आवाज येतो तो ज्याने ऐकलाय त्याच्या आजही अंगावर काटा येईल. सगळे ड्रायव्हर एकदम मागे सरले. मला वाटलं, चुकून झालं. आबांनी परत दाबलं. परत तोच आवाज. वाटीतलं पाणी सांडलं. तिसऱ्यांदा दाबून त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्यांसमोर, रोजच्या मोठ्या आवाजात मला विचारलं, "चालू व्हत नही रे. काय कयं तू?"

कुणीही हसलं नाही. शेठजी खाली बघायला लागले. मी ओरडलो, "आबा, चालू शे!" त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. मग हळूच गिअरच्या दांड्यावर तळहात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि त्यांचा चेहरा उतरला. तो दांडा थरथरत नव्हता. माझ्या कारागिरीने मी त्यांच्या हाताखालचं इंजिन काढून घेतलं होतं.

मी मायकडे पाहिलं. नारळ तिच्या हातातच होता. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि तेव्हा मला सगळं कळलं. तिचा देव, तिची खडीसाखर, क्लीनरला काढून टाकणं, सगळं. क्लीनर मागून पत्र्यावर थाप मारायचा आणि आबांना ती ऐकू यायची नाही. क्लीनरने जगाला सांगितलं असतं. त्याच्या जागी माय बसली. मागून हॉर्न आला की ती आबांच्या कोपराला हात लावायची आणि म्हणायची, साइड द्या, माले भ्याव लागस. आबांना वाटायचं, बाई घाबरट आहे म्हणून आपलं निभतंय. आपलं बहिरेपण आपण तिच्यापासूनही लपवलंय असं त्यांना वाटत होतं.

माणसं पांगली. शेठजी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. त्या माणसाला मी नंतर कधी नावं ठेवली नाहीत. आबा शेडमध्ये आले, टेबलावर पडलेलं ते जुनं कडक चामडं त्यांनी उचललं आणि माझ्यापुढे धरलं.

"हाई परत टाक."

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणालो, "आबा, कव्हयपासून?"

"व्हयनात दोन वरीस. कानले नही समजत, पन हातले समजस. गाडी झोका खास तवलोंग माले कळस, ती जित्ती शे." मग थांबून म्हणाले, "हंगाम शे रे. टाकी दे."

नवं चामडं पेटीत धूळ खात का पडलं होतं ते आता कळलं. जन्मभरात आबांनी माझ्या धंद्यातलं एकच काम मला सांगितलं, आणि ते काम बिघडवण्याचं होतं. मुंबई-आग्रा रस्त्यावर, लळिंगच्या घाटात, ज्याला मागचा हॉर्न ऐकू येत नाही असा ड्रायव्हर. नाही म्हणायला हवं होतं. मी नाही म्हणालो नाही. संध्याकाळ व्हायच्या आत डबी परत उघडली, माझ्या हाताने बसवलेलं नवं चामडं माझ्या हाताने काढलं आणि तो भरताच्या वासाचा पापड परत आत घातला. काम करताना मी स्वतःला समजावत होतो की निर्णय आबांचा आहे. मेकॅनिक लोक असं फार वेळा म्हणतात. गिऱ्हाइकाने सांगितलं, आम्ही केलं.

सकाळी धुकं होतं. एदलाबादकडून कापूस आणायचा होता. आबांनी गाडी चालू केली आणि ती पूर्वीसारखी झोके खायला लागली, खाली, वर, खाली, वर. त्यांनी गिअरच्या दांड्यावर हात ठेवला आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुख पसरलं. ते सुख मी पाहिलं आहे, त्यामुळे मला आजही नक्की सांगता येत नाही की मी केलं ते चूक होतं. माय गाठोडं घेऊन दुसऱ्या बाजूने निघाली. पायरीवर एक पाय ठेवला आणि तिथेच थांबली. मग वर चढली, बसली नाही, वाकली आणि आबांच्या कानाला तोंड लावून बोलली. माझी माय, जी चार माणसांत आबांशी कधी आवाज चढवून बोलली नव्हती, ती त्या झोके खाणाऱ्या इंजिनाच्या वर ओरडत होती. मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"आते मन्हाघाई व्हत नही! दोन वरीस मी गाडीमा डोया मिटा नहीत. हॉर्न वाजना का मन्हा जीव उडी जास!"

आबांनी तिच्याकडे पाहिलं. "तुले माहीत व्हतं?"

"मंग? तुम्हले काय वाटे, मी देव देखाले येस?"

 गाडी आपली झोके खात होती. मायचा पदर खांद्यावर आला होता आणि तिने तो सावरला नव्हता. मग आबांनी हात घातला आणि स्टॉपची तार ओढली. इंजिन बंद पडलं. एवढ्या जवळ इतकी शांतता मला आवडली नाही. रस्त्यापलीकडे कुणीतरी बादली विहिरीत सोडत होतं, तिचा आवाज आला, आणि तो आबांना आलेला नाही हे मला पहिल्यांदा उमगलं.

आबा खाली उतरले. गाडीला वळसा घालून माझ्यापुढे आले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"नवं चामडं टाक," ते म्हणाले. "आते माले ऐकानं कामच नही."

मी तिसऱ्यांदा डबी उघडली. डोळे पुसले तर तेलाचे हात चेहऱ्याला लागतात, म्हणून मी तसाच काम करत राहिलो. आबा शेजारी बसून स्प्रिंग हातात धरून होते आणि मला लागली तेव्हा त्यांनी ती दिली. स्लो आदल्या दिवसासारखाच बसला. मी स्क्रू जास्त फिरवला नाही.

लोकांना वाटतं की आठवणीत राहतो तो मोठा आवाज, भांडण, टक्कर, फटाके. माझ्या आठवणीत तो हिवाळा स्लोला राहिला आहे. लेकीची गाडी सिग्नलला गप्प होते तेव्हा मला ती शांतता सोसत नाही. आत कुणीतरी जागं आहे, पायाशिवाय, आपल्या जिवावर, असं मला हवं असतं. आता हे तिला कसं समजावू? ती म्हणेल, पप्पा, डिझेल वाया जातं. जातंच. आमचं फार गेलं.

त्या दिवशी धुकं उठल्यावर आम्ही तिघं निघालो. स्टिअरिंगवर मी, मध्ये आबा, खिडकीशी माय.  आबा समोर बघत होते, हात मांडीवर, गिअरच्या दांड्याला ते एकदाही शिवले नाहीत. दोन्ही बाजूंना कापूस वेचणाऱ्या बाया वाकलेल्या, बाभळींना पांढरे पुंजके. पारोळा मागे पडला आणि मागून एका गाडीने लांबलचक हॉर्न दिला. मला तो ऐकू आला होता, गाडी आरशातही दिसली होती. पण मायचा हात दोन वर्षांच्या सवयीने आपोआप उठला आणि आबांच्या कोपराला लागला. आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी माझ्या कोपराला हात लावला.

मी साइड दिली.